खोगीर उतरवण्याची वेळ

लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात १४ डिसेंबर २०१६ च्या संध्याकाळी वॅलेग्रो नावाचा घोडा निरोप घ्यायला रिंगणात उतरला. गडद तपकिरी रंगाचा, नेदरलँड्समध्ये जन्मलेला, १४ वर्षांचा. पाय ठणठणीत, दम शाबूत. चारच महिन्यांपूर्वी रिओ ऑलिंपिकमध्ये ९३.८५७ टक्के गुण मिळवून त्याने आपलं वैयक्तिक सुवर्णपदक राखलं होतं. त्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये याच ऑलिंपियात संगीतावरच्या सादरीकरणात त्याने ९४.३ टक्क्यांचा जागतिक विक्रम केला होता. अजून एखादं युरोपीय अजिंक्यपद, अजून एखादा विश्वचषक त्याच्या आवाक्यात होता. तरीही त्याच्या माणसांनी ठरवलं, आता पुरे.

त्याच्या विक्रमांपेक्षा मला हा निर्णय मोठा वाटतो. घोडा थांबवायची खरी वेळ येते तेव्हा तो अजून जिंकत असतो, त्यामुळे थांबवणं सगळ्यांनाच घाईचं वाटतं. तो लंगडायला लागला की मग थांबवण्याबद्दल कुणाचं दुमत नसतं, पण तोवर त्याच्या वाट्याचं दुखणं त्याने सोसून झालेलं असतं.

वॅलेग्रोचा खेळ ड्रेसाज. आपल्याकडे हा शब्द बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकला तो २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत, भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं तेव्हा. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. या खेळात घोडा कुणाशी धावत नाही, अडथळ्यांवरून उड्याही मारत नाही. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद रिंगणात तो ठरलेल्या चाली करून दाखवतो आणि पंच एकेका चालीला दहापैकी गुण देतात. पियाफ म्हणजे जागच्या जागी दुडकी. पॅसाज म्हणजे प्रत्येक पावलागणिक क्षणभर हवेत थांबल्यासारखी पुढे जाणारी दुडकी. पिरुएटमध्ये मागचे पाय जवळजवळ एकाच जागी ठेवून घोडा स्वतःभोवती गिरकी घेतो. स्वाराचे हात आणि पाय हललेले दिसता कामा नयेत. पाहणाऱ्याला वाटावं की घोड्याच्याच मनात आलं आणि तो नाचला.

हे सगळं शिकायला फार वर्षं जातात. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा होतो तेव्हा धावायला लागतो आणि त्यातले पुष्कळसे चौथ्या-पाचव्या वर्षी शर्यतीतून बाहेरही पडलेले असतात. ड्रेसाजचं शिंगरू तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिल्यांदा खोगीर पाहतं. आठ वर्षांखालच्या घोड्याला ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये उतरताच येत नाही, उड्यांच्या खेळात ही अट नऊ वर्षांची आहे. खरा बहर येतो तो बाराव्या वर्षाच्या आसपास. म्हणजे आठ-दहा वर्षं राबून एक घोडा तयार करायचा, चार-पाच वर्षं त्याचं वैभव पाहायचं आणि मग आपणच त्याला थांबवायचं. जिवावर येतं ते यासाठी. पागेत मागे उभा असलेला दुसरा घोडा अजून अर्धाकच्चा असतो.

आता पायाकडे येऊ, कारण सगळा हिशेब शेवटी तिथेच होतो.

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच. वरच्या स्नायूंची ताकद खुरापर्यंत पोचते ती लांबलचक कंडरांमधून. पाचशे-सहाशे किलोचं धूड त्या कंडरांवर आणि त्यांच्या जोडीच्या अस्थिबंधांवर तोललेलं असतं. प्रत्येक पावलाला त्या रबरासारख्या ताणल्या जातात आणि आखडतात. भरधाव धावणाऱ्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं गेलेलं आहे. तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे उष्णता लवकर निघून जात नाही आणि झालेली इजाही लवकर भरत नाही. भरते तेव्हा मूळच्या धाग्यांच्या जागी व्रणाची ऊती येते, आणि तिला पहिल्यासारखा ताण सोसत नाही. म्हणून एकदा दुखावलेली कंडरा वर्षभराच्या विश्रांतीनंतरही पुन्हा त्याच जागी दुखावण्याची भीती राहते. ड्रेसाजच्या घोड्यात मागचे पाय जास्त सोसतात. पियाफ करताना तो बसल्यासारखा होतो, पुठ्ठे खाली येतात, मागच्या पायांचे सांधे वाकतात आणि सगळं वजन मागे सरकतं. ही चाल वर्षानुवर्षं केली की मागच्या पायाच्या मधल्या सांध्याची झीज होते आणि त्याखाली नळीच्या मागून जाणारा अस्थिबंध दुखावतो.

पुण्यात घोडेस्वारी शिकायला जात होते तेव्हा एकदा पशुवैद्य डॉक्टरांनी माझा तळवा एका घोडीच्या पायावर ठेवला होता. नळीच्या मागे, गुडघा आणि घोटा यांच्या मधोमध. “दाबू नका, नुसता हात ठेवा,” म्हणाले. आधी डावा पाय, मग उजवा. डाव्या पायाची कंडरा थंड, घट्ट, विहिरीच्या दोरासारखी. उजव्या पायावर तीच जागा किंचित कोमट होती. सूज अशी दिसतच नव्हती. घोडी लंगडत नव्हती, त्या सकाळी तिने दोन मुलांना फिरवूनही आणलं होतं. डॉक्टरांनी तिला सहा आठवडे तबेल्यात ठेवायला सांगितलं. तिची रोजची देखभाल करणारे साईसमामा मात्र गप्प होते. नंतर म्हणाले, “मला चार दिवसांपासून ठाऊक होतं, खरारा करताना पाय उचलून घेत होती.” ते बोलले नव्हते, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ही गोष्ट मी विसरलेले नाही. घोड्याबद्दल सगळ्यात आधी कळतं ते रोज त्याच्या अंगावर हात फिरवणाऱ्या माणसाला, आणि निर्णयाच्या बैठकीत बहुतेक वेळा तोच नसतो.

घोडा दुखणं सांगत का नाही, याचं उत्तर त्याच्या जातीत आहे. तो शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडला त्याला वाघाने हेरलं, म्हणून दुखणं लपवणं हे लाखो वर्षांत त्याच्या हाडीमाशी मुरलंय. त्यात शिकवलेला, कष्टाळू, माणसाचं ऐकणारा घोडा असला की तो आणखीच झाकतो. ‘त्याला अजून काम करायचंय, बघा कसा कान टवकारून येतो’ असं मालक सांगतात. ते खोटं नसतं, घोडा खरंच उत्सुक असतो. पण उत्सुक असणं आणि पाय धड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाय धड आहे का हे पाहायची जुनी रीत साधी आहे. कठीण, सपाट जमिनीवर साईस लगाम सैल धरून घोड्याला दुडकीने पळवतो आणि पाहणारा समोरून, मागून, बाजूने पाहतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागचा पाय दुखत असेल तर डोक्यापेक्षा पुठ्ठ्यांकडे पाहावं लागतं, तिथे एका बाजूची हालचाल कमी-जास्त होते. डोळ्यांना शंका असेल तर कानांनी टापा ऐकायच्या. चारही पाय सारखे पडत असतील तर ताल चुकत नाही. मग एकेक पाय मिनिटभर दुमडून धरायचा आणि सोडल्याबरोबर पळवायचं. आत लपलेलं दुखणं पहिल्या चार-सहा पावलांत बाहेर येतं.

पण ही तपासणी पाठीवर कुणी नसताना होते. पाठीवर माणूस असताना घोडा काय सांगतो, याचा अभ्यास ब्रिटनच्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी केला आणि २०१८ मध्ये २४ लक्षणांची एक यादी मांडली. कान सलग पाच सेकंदांहून जास्त वेळ मागे पाडलेले, तोंड उघडं, शेपटीचे फटकारे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, डोकं तिरकं धरणं, पावलं अडखळणं अशा एरवी ‘हट्टी आहे’, ‘नखरे करतो’ म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या गोष्टी. यातली आठ किंवा जास्त लक्षणं दिसली तर अंगात कुठेतरी दुखत असण्याचा संभव मोठा. माझ्या मते गेल्या काही वर्षांत घोड्यांच्या बाजूने झालेलं हे सर्वांत मोलाचं काम आहे. यंत्र लागत नाही, खर्च नाही, फक्त दहा मिनिटं नीट पाहायची तयारी लागते.

उशीर कसा होतो हे टोटिलासच्या बाबतीत सगळ्या जगाने पाहिलं. काळाभोर नर. डच स्वार एडवर्ड गाल त्याच्यावर मांड ठोकून यायचा तेव्हा स्टेडियम भरायचं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या केंटकी इथे झालेल्या जागतिक अश्वक्रीडा स्पर्धेत या जोडीने तीन सुवर्णपदकं घेतली. त्यानंतर काही दिवसांतच तो जर्मनीतल्या पॉल शॉकमोहले यांना विकला गेला आणि त्याच्यावर माटियास राट बसू लागला. पुढची वर्षं दुखापती, माघारी आणि पुनरागमन यांतच गेली. ऑगस्ट २०१५ मध्ये आखेनला युरोपीय अजिंक्यपद होतं. स्पर्धेआधीच्या पशुवैद्यकीय पाहणीतून तो पार झाला, रिंगणात आला, आणि मागच्या पायांचा ताल चुकतोय हे घरी दूरदर्शनसमोर बसलेल्यांनाही दिसलं. नंतरच्या तपासणीत डाव्या मागच्या पायाच्या हाडात सूज निघाली. तिथेच त्याची कारकीर्द संपली, निरोपाचा सोहळा वगैरे काही न होता. १५ वर्षांचा होता, म्हणजे वॅलेग्रो निवृत्त झाला त्याहून एकाच वर्षाने मोठा. डिसेंबर २०२० मध्ये पोटशुळाने तो गेला.

टोटिलासला थांबवण्यासाठी लागणारं कारण आधीच्या तीन-चार वर्षांत अनेकदा समोर आलं होतं. पण त्याच्याभोवती पैसा फार होता, देशाच्या संघाची आशा होती, आणि तो नर असल्यामुळे स्पर्धेतलं प्रत्येक यश त्याच्या वंशवृद्धीच्या किमतीत भर घालत होतं. वॅलेग्रो खच्ची केलेला घोडा. त्याला पुढे पिल्लं होणार नव्हती, त्यामुळे स्पर्धा थांबली की कमाई थांबली. तरीही त्याला वेळेवर थांबवलं गेलं. पैशाने निर्णय चुकतो हे खरं असलं, तरी पैसा थांबणार म्हणून निर्णय अडतोच असं नाही.

इथे एक प्रश्न येतो: ठरवतं कोण? मराठी वाचकाला हे सांगायला आपल्या इतिहासातलेच दोन शब्द पुरतात. मराठ्यांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा, शिलेदार आपला घोडा आपण घेऊन येई. आजच्या अश्वक्रीडेतले बहुतेक नामांकित स्वार बारगीर आहेत. वॅलेग्रोवर बसणारी शार्लट डुजार्डिन तशीच. घोडा तिचा प्रशिक्षक कार्ल हेस्टर याचा आणि त्याच्या भागीदार मालकांचा. लंडन २०१२ च्या दोन सुवर्णपदकांनंतर तो विकला जाणार अशी चर्चाही झाली होती, पण मालकांनी विकला नाही. स्वार, मालक, प्रशिक्षक, पशुवैद्य आणि साईस या पाचांचं एका घोड्याबद्दल एकाच वेळी एकमत होणं दुर्मीळ. स्वाराला पुढची स्पर्धा दिसते, मालकाला गुंतवणूक, साईसाला पाय.

हेस्टरच्या पागेचं एक वैशिष्ट्य या जगात सगळे सांगतात. तिथले ऑलिंपिकचे घोडे रोज मोकळ्या कुरणात सोडले जातात आणि आठवड्यातले काही दिवस रिंगण सोडून नुसतं रानवाटेने फिरवून आणले जातात. लाखमोलाचा घोडा कुरणात सोडला तर लाथ लागेल, पाय मुरगळेल, म्हणून कितीतरी पागा असे घोडे चौकटीबाहेर पडूच देत नाहीत. वॅलेग्रो १४ व्या वर्षी धड पायांनी निवृत्त झाला त्यात या कुरणाचा वाटा मला मोठा वाटतो. निवृत्तीची तयारी अशी भर कारकिर्दीतच सुरू होते.

हे लिहिताना एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर डुजार्डिनची एक जुनी चित्रफीत समोर आली. शिकवणीच्या वेळी ती एका घोड्याच्या पायांवर पुन्हा पुन्हा चाबूक मारताना त्यात दिसत होती. तिने माघार घेतली, चूक मान्य केली आणि आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने तिच्यावर वर्षभराची बंदी घातली. वॅलेग्रोचा निरोप त्यामुळे खोटा ठरत नाही. पण एका घोड्याला सांभाळणारी माणसंही दुसऱ्या घोड्याच्या बाबतीत चुकतात, म्हणून या खेळावर बाहेरचे डोळे हवेतच.

रिओतच, वॅलेग्रोच्या सुवर्णपदकाच्या काही दिवस आधी, आणखी एक निर्णय झाला. त्याला पदक नव्हतं. लंडनला २०१२ मध्ये वॅलेग्रोपाठोपाठ वैयक्तिक रौप्य घेणारा पार्झिवाल आता १९ वर्षांचा होता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याचं डोकं सुजलं, ताप चढला. कुठल्यातरी किड्याचा दंश असावा असं निदान झालं. उपचारांनी ताप उतरला. संघात बदली घोडा नव्हता. त्याची स्वार आडेलिंडे कॉर्नेलिसन त्याच्यावर बसून रिंगणात आली, काही चाली झाल्या आणि तिने मध्येच थांबून पंचांना नमस्कार केला आणि त्याला बाहेर नेलं. तिला बोल लावणारे म्हणाले की आणायलाच नको होतं. तेही बरोबर आहे. पण हजारो लोक पाहत असताना, चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी सोडून, मधूनच लगाम सैल सोडणं सोपं नाही.

वयाचा आकडा सगळ्यांना सारखा लागू होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. आंकी व्हान ग्रुन्सव्हेन या स्वार महिलेचा घोडा बॉनफायर सिडनीला १७ व्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण घेऊन निवृत्त झाला आणि ३० वर्षांचा होऊन गेला. तिचाच सालिनेरो १८ व्या वर्षी लंडनला संघासाठी उतरला. जर्मनीची दालेरा ही घोडी २०२४ मध्ये पॅरिसला सुवर्ण जिंकून १७ व्या वर्षी थांबली. उड्यांच्या खेळात ब्रिटनच्या निक स्केल्टनने ५८ व्या वर्षी बिग स्टारवर रिओचं सुवर्ण घेतलं आणि २०१७ मध्ये दोघांनी बरोबरच निवृत्ती घेतली. स्केल्टनची मान २००० मध्ये मोडली होती. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं म्हणून तो थांबलाही होता आणि पुन्हा परतला होता. शरीराने नाही म्हटल्यावर थांबणं काय असतं ते त्याला स्वतःच्या हाडांवरून माहीत होतं. १४ वर्षांचा बिग स्टार तोवर मोठ्या दुखापतीतून एकदा बाहेर आलेला होता. दुसरी वेळ येऊ द्यायची नाही, एवढं स्केल्टनला कळत होतं.

थांबवलं म्हणजे एका दिवसात खोगीर काढून कुरणात सोडलं, असं करून चालत नाही. स्पर्धेतला घोडा हा खेळाडू असतो. त्याचा दाणा, स्नायू, दिनक्रम सगळं कामाला बांधलेलं असतं. काम एकदम बंद केलं आणि दाणा तसाच ठेवला तर तो सुटतो, आणि लठ्ठ घोड्याला खुराच्या आतला दाह होण्याचा धोका असतो. या रोगात खुराची भिंत आणि आतलं हाड यांना जोडणारा पडदा सुटायला लागतो. काही घोड्यांना त्यातून पुन्हा उभं राहता येत नाही. म्हणून काम महिनोन्‌महिने पायरी-पायरीने कमी करतात, दाणा कमी करून गवत वाढवतात, अंगावरची झूल हळूहळू काढतात, मागचे नाल आधी आणि पुढचे नंतर उतरवतात. वॅलेग्रो निवृत्तीनंतरही हलक्या प्रात्यक्षिकांत दिसत राहिला, त्यामागे हेही कारण होतं. काही घोडे शिकवण्याच्या कामाला लागतात. पियाफ येणारा म्हातारा घोडा नवख्या मुलीला ती चाल पाठीवरून जशी समजावतो, तशी कुठल्याही प्रशिक्षकाला समजावता येत नाही.

मनाचंही पाहावं लागतं. रोज माणसांच्या गराड्यात असलेल्या घोड्याला अचानक विसरून जाणं हा क्रूरपणा आहे. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलातला विराट १३ वेळा प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात चालला आणि २६ जानेवारी २०२२ ला संचलनानंतर निवृत्त झाला. राष्ट्रपती, पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला, ते दृश्य पुष्कळांच्या लक्षात असेल. त्याच्या काही दिवस आधी लष्करदिनानिमित्त त्याला लष्करप्रमुखांचं प्रशस्तिपत्रही मिळालं होतं. मला त्यात जास्त आवडली ती पुढची गोष्ट: त्याला दलाच्याच पागेत ठेवण्यात आलं. तीच माणसं, तीच वेळ, तोच दावणीचा खुंटा.

पंधरा वर्षांनंतर घोड्याच्या अंगात नवी कामं निघतात. मेंदूतल्या एका ग्रंथीच्या बिघाडाने अंगावरचा हिवाळी लोकरीसारखा केस उन्हाळ्यात गळतच नाही, तहान वाढते. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि गवत चावून तेवढेच झिजत राहतात. पंचविशीच्या आसपास मुळंच संपतात. मग तो गवत तोंडात घोळवतो, गिळता येत नाही, आणि गव्हाणीखाली ओल्या गवताचे चघळून टाकलेले बोळे सापडतात. ज्या साईसाला ते बोळे दिसले त्याने त्या दिवसापासून भुसा आणि चारा भिजवून लापशीसारखा द्यायचा, दिवसातून चार वेळा. वजन फितीने मोजून लिहून ठेवायचं. आणि नाल नसले तरी नालबंदाची फेरी चुकवायची नाही. दर सहा ते आठ आठवड्यांनी तो येतो, म्हाताऱ्याचा एकेक पाय मांडीवर घेतो, वाढलेला खूर कानशीने घासतो. सांधे आखडलेले असतात, म्हणून पाय पूर्वीइतका उंच धरायचा नाही आणि दोन पायांच्या मध्ये त्याला थोडा वेळ चारही पायांवर उभं राहू द्यायचं.